लाकडातली गोडी

रोशन पिंपळशेंडेला भूक लागेनाशी होऊन दोन वर्षं होत आली होती आणि ही गोष्ट त्यानं घरात कुणाच्या कानावर घातली नव्हती. ताप आला तर माणूस सांगतो, दाढ दुखली तर अख्ख्या आळीला सांगत सुटतो. पण भूक लागत नाही हे बायकोला कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यातून बायको सोनालीसारखी. पातोडीचा रस्सा करावा तर सोनालीनंच, असं तिच्या माहेरचे म्हणत आणि सासरच्यांनाही ते मुकाट्यानं कबूल करावं लागे. तेव्हा रोशन गप्प राहिला. मोबाईलमध्ये त्यानं तीन गजर लावून ठेवले. गजर वाजला की हात धुवायचे, ताटावर बसायचं, दोन भाकरी आणि वाटीभर भात संपवायचा आणि ‘छान झालं’ म्हणून उठायचं. हे नाटक त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात वावगं काही आहे असंही त्याला वाटेनासं झालं होतं.

एका मंगळवारी मात्र तो पकडला गेला.

“भाजी कशी झाली जी?” सोनालीनं विचारलं.

“छान.”

“अजून घेता?”

“घाल थोडी.”

सोनालीनं पळी खाली ठेवली. “त्यात मीठच नाही टाकलं मी. विसरून गेली होती. मले पहिल्याच घासाले समजलं, अन् तुमी पुन्हा मांगता.” ती त्याच्याकडे रोखून बघायला लागली. “खरं सांगा, बाहेर कुठं खाऊन येता? कोन हाय ते?”

रोशनला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मीठ नाही हे त्यालाही पहिल्याच घासाला कळलं होतं. जिभेच्या बाबतीत कारखान्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. कळलं होतं, पण वाटलं काही नव्हतं, आणि कळणं आणि वाटणं यांत केवढं अंतर असतं ते अलीकडे त्याच्या ध्यानात यायला लागलं होतं. मीठ असो नसो, सामना हरो जिंको, सोनाली बोलो की अबोला धरो, सगळं एकाच तागडीत. बरोबर त्याच वेळी बहिणीचा फोन आला आणि सोनालीचा प्रश्न तसाच राहिला.

मयूरी, त्याची धाकटी बहीण, वणीला दिलेली. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर तिला मुलगी झाली होती. आईवडील मागे उरले नव्हते, म्हणून बाळंतपण रोशनच्याच घरी झालं. दीड महिन्याची रेवा घेऊन मयूरी परत गेली तेव्हा सोनाली आठवडाभर डोळे पुसत होती.

“दादा, येत्या रविवारी रेवाचं उष्टावन ठेवलं,” मयूरी म्हणाली. “मुलीचं सातव्या महिन्यात करतात म्हने. खीर मी करीन, पन पहिला घास मामानं भरवाचा. चांदीची वाटी घेऊन येजो.”

“येतो ना.”

“अन् पोर इतकी शहानी हाय दादा! भुकेसाठी आजपर्यंत एकडाव रडली नाही. मलेच घड्याळ पाहून पाजा लागते. शेजारच्या बाया म्हनतात, अकरा वर्षं थांबली ना, म्हनून देवानं अशी गुनाची देल्ली.”

“चांगलं हाय,” रोशन म्हणाला, आणि फोन ठेवून त्यानं अळणी भाजीचं ताट चाटूनपुसून साफ केलं.

रोशनचा कारखाना म्हणजे पळसवाड्याचा ‘वैनगंगा पल्प’. नदीच्या काठी लाकडाचे डोंगर, सुबाभूळ आणि निलगिरी, आणि त्यांच्यामागे लाकूड शिजवणाऱ्या डायजेस्टरच्या उंच टाक्या. वामनराव कोडापे तिथले सर्वांत जुने ऑपरेटर. लाकूड म्हणजे काय ते कोडापेकाका नव्या माणसाला घराच्या स्लॅबवरून समजावत. स्लॅबमध्ये लोखंडी गज असतात, ते सेल्युलोज. कागद होतो तो त्याचा. गजांभोवतीचं सिमेंट म्हणजे लिग्निन. आणि गज हलू नयेत म्हणून मिस्त्री बारीक तारेनं बांधतो ना, ती तार म्हणजे हेमिसेल्युलोज. लाकडाचा जवळजवळ पाव हिस्सा ही तार असते. पण लाकडाचे तुकडे क्षारात शिजवले की सिमेंटबरोबर बरीचशी तारही विरघळून जायची, आणि ते काळं पाणी कारखानेवाले वर्षानुवर्षं बॉयलरमध्ये जाळत आले.

पुढे रीत बदलली. क्षारात घालण्याआधी तुकडे नुसत्या पाण्यात, पण दाबाखाली, एकशे पासष्ट अंशांवर तासभर उकडायचे. लाकडातलंच थोडं आम्ल सुटतं, ते तारेचे बारीक तुकडे करतं आणि हेमिसेल्युलोज पाण्यात उतरतं. गज जागच्या जागी शाबूत. मग ते पाणी गाळायचं, आटवायचं, अल्कोहोल घालून साका बसू द्यायचा. खाली राहते ती मैद्यासारखी पांढरी भुकटी. साखरेच्याच कुळातली, फक्त माणसाच्या पोटाला न पचणारी.

सगळी मेख होती वेळेची. पाणी लवकर काढलं तर हाती काही लागत नाही आणि उशीर केला तर साखर करपते. त्यासाठी मीटर बसवलेले होते, पण मीटरकडे बघून झडप उघडणाऱ्याला कोडापेकाका डायजेस्टरवाला मानतच नसत. नळीतून थेंब काढायचा, काचेवर गार करायचा आणि जिभेवर ठेवायचा. आधी तुरट लागतं, मग आंबट, मग जिभेच्या टोकाला एकदम गोडी येते. “गोडी आली का झडप उघडाची,” काका सांगत. “कडू बदामाचा वास आला तं समज, तू गेला कामातून.” रोशनला हे तीन महिन्यांत साधलं. ज्या दिवशी त्यानं मीटरच्या आधी दोन मिनिटं गोडी पकडली, त्या दिवशी काकांनी स्वतः पाळीला पेढे वाटले. तेव्हापासून तो चाखतच आला. पहिल्या टाकीपासून शेवटच्या पोत्यापर्यंत, प्रत्येक टप्प्यावर, दर पाळीत चार-पाच वेळा. त्या खात्यातले सातही ऑपरेटर तेच करायचे. ती त्यांची ऐट होती.

या भुकटीचं करायचं काय हे पुण्याच्या डॉ. ऋता पेंडसे यांनी शोधून काढलं. त्यांनी हेमिसेल्युलोजच्या साखळीला एक साधं आम्ल चिकटवलं. साखळी न पचता मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती तोडतात, आम्ल सुटतं, आणि आतड्याच्या भिंतीतल्या पेशी मेंदूला निरोप धाडतात की आता बस. जेवल्यावर जे वाटतं ते न जेवताच वाटायला लागतं. ‘तृप्ती’ या नावानं ती भुकटी बाजारात आली. कणकेत एक चमचा घातला की दिवसभराची निश्चिंती. सुरुवातीला ती मधुमेहवाल्यांसाठी होती. मग वसतिगृहांनी घेतली, ठेकेदारांनी घेतली, मग जवळजवळ सगळ्यांनीच. सोनाली आणि मयूरीसारख्या रांधण्याची हौस असलेल्या थोड्यांनीच ती घरात येऊ दिली नाही. कारखान्यातली जेवणाची अर्धी सुट्टी दहा मिनिटांवर आली. फाटकासमोरच्या खानावळीच्या जागी मोबाईलचं दुकान झालं. लग्नाच्या पंगतीत लोक बसत, ताटाचा फोटो काढत आणि हात जोडून उठत. भूक लागली म्हणून मोर्चे निघतात. भूक लागत नाही म्हणून कुणी रस्त्यावर येत नाही, त्यामुळे सरकारलाही त्यात काही गैर दिसलं नाही.

मग अडीच वर्षांपूर्वी आली ‘तृप्ती-दोन’. हिच्यात भुकटीबरोबर एक घडवलेला जिवाणू होता, म्हणजे रोजचा चमचा आठवड्यातून एकदा घेतला तरी भागावं. हा जिवाणू फक्त तृप्तीच्या भुकटीवर जगणार, भुकटी बंद केली की महिन्याभरात मरणार आणि माणसाला भूक परत येणार, अशी त्याची बांधणी होती. तो शेवटच्या टाकीत मिसळत. त्या टाकीवर ‘चाखण्यास सक्त मनाई’ अशी लाल पाटी लावली होती. पाटी नवशिक्यांसाठी आहे असं सातही जणांनी धरून चाललं.

कोडापेकाका दीड वर्षापूर्वी निवृत्त झाले आणि या मार्चमध्ये गेले. घरात एकटेच राहायचे. पिंपात तांदूळ, डब्यात डाळ, परसात वांगी लगडलेली, आणि काकांच्या अंगावर मात्र चिमूटभर मांस नव्हतं. वय झालं होतं, लोक म्हणाले. रोशननं खांदा दिला. ज्यांनी आपल्याला हाताला धरून काम शिकवलं ते चितेवर आहेत, आता रडू यायला हवं, असं त्याला वाटलं. तो घाटावरून घरी आला, आंघोळ केली, गजर वाजल्यावर जेवला.

पण काकांच्या पुतणीनं गप्प न बसता कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीनं सातही ऑपरेटरांच्या शौचाचे नमुने मागवले, आणि मंगळवारच्या त्या अळणी भाजीनंतर दोन दिवसांनी डॉ. पेंडसे स्वतः पळसवाड्याला आल्या. रोशनला त्यांनी अतिथीगृहात बोलावलं. पांढऱ्या केसांची, बारीक अंगाची बाई; समोर कागद, आणि चहाचा कप तसाच गार होत पडलेला.

“किती दिवस भूक नाही तुम्हाला?”

रोशननं दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. “दोन वर्षं होतील.”

“कुणाला बोलला नाहीत?”

“कोनी इचारलं नाही मॅडम.”

“तुम्ही शेवटच्या टाकीतलंही चाखत होतात?”

“सगळ्याच टाक्यांतलं चाखतो जी. त्याशिवाय माल कसा समजनार?”

डॉक्टरीणबाईंनी कपाळ चोळलं. “मी हे सगळं डिझाईन केलं तेव्हा कोण किती चमचे खाईल, लहान मुलाच्या हाती लागलं तर काय, सगळा विचार केला होता. पण कारखान्यात कुणी रोज पाच वेळा जिभेनं तपासत असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. तो जिवाणू उपाशी मरावा अशी सोय होती. तुम्ही त्याला दोन वर्षं थेंबथेंब भरवत ठेवलंत. आपली दोन वर्षं म्हणजे त्याच्या हजारो पिढ्या. तेवढ्यात त्याच्यातला एखादा साध्या भाकरीवर जगायला शिकला. ज्वारीत, गव्हाच्या कोंड्यात हेमिसेल्युलोज असतंच की. आता तुम्ही चाखणं सोडलंत तरी तो जायचा नाही.”

“काढता नाही येत का?”

“आज तरी माझ्याकडे उपाय नाही. शोधते आहे. आणि नुसती भूकच नाही. मेंदूत भुकेच्या शेजारीच बाकीच्या ओढी असतात. त्याही मंद होतात. कशाचंच काही वाटत नाही ना?”

रोशननं प्रामाणिकपणे विचार केला. “नाही वाटत.”

“त्याचं वाईट वाटतं?”

“नाही.”

डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

“कोडापेकाका यानंच गेले?” रोशननं विचारलं.

“हो. विचारणारं कुणी नव्हतं, आणि पोट आठवण करून देत नव्हतं. ते जेवायचं विसरत गेले.” त्या पुढे झुकल्या. “आता मी विचारते त्याचं नीट उत्तर द्या. मोठ्या माणसाला हे सहसा लागत नाही, त्याच्या आतड्यात आधीच जिवाणूंची गर्दी असते. तान्ह्या बाळाचं आतडं म्हणजे आगारातून नुकतीच आलेली रिकामी एसटी. खिडकीतून पहिला रुमाल टाकेल त्याची जागा. तुमच्या घरात तान्हं बाळ आहे?”

“घरात नाही. बहिणीची पोरगी हाय, वणीले. रविवारी उष्टावन हाय तिचं. मामा म्हनून पहिला घास माह्याच हातचा.”

“तो तुम्ही द्यायचा नाही. तो तुमच्या लाळेतही असणार. तुमचं बोट नको, तुमच्या तोंडचा चमचा नको. दुसऱ्या कुणाला भरवू दे.”

“बरं,” रोशन म्हणाला. वेळेवर कळलं म्हणायचं. मयूरी रुसेल, तिची समजूत घालता येईल. तो उठून दारापर्यंत गेला आणि तिथं उभा राहिला. भुकेसाठी आजपर्यंत एकडाव रडली नाही, असं मयूरी मंगळवारी फोनवर म्हणाली होती.

रेवा दोन दिवसांची होती. मयूरीला अजून दूध आलेलं नव्हतं. दवाखान्यानं वरचं काही देऊ नका म्हणून बजावलं होतं, पण शेजारच्या पार्वताबाई म्हणाल्या, चार चमचे गूळपाणी द्या, काही होत नाही. गूळपाणी रोशननंच केलं होतं. आणि डायजेस्टरवाला गूळपाणी करणार तर ते न चाखता कसं देणार? चमच्यानं चाखलं, जास्त गोड लागलं, पाणी घातलं, पुन्हा चाखलं. गोडी बरोबर जमल्यावर त्याच चमच्यानं रेवाच्या ओठांत थेंब थेंब सोडलं. ती चुटूचुटू चाटत होती आणि सोनाली म्हणाली होती, मामाच्या हातचं आवडलं बरं का.

“मॅडम,” तो दारातूनच म्हणाला, “बाळ दोन दिवसांचं असन तं?”

डॉ. पेंडसे यांनी चष्मा काढला. त्याला जे सांगायचं होतं ते त्यानं सांगितलं. चष्मा पुन्हा लावून त्या म्हणाल्या, “तिचा नमुना पाठवा. आठ दिवसांत निकाल देते.”

“अन् निघाला तं?”

“तर ती नॉर्मल वाढेल, कुणी वेळच्या वेळी भरवत राहिलं तर. स्वतः कधी मागणार नाही. दोन वर्षांची झाली तरी नाही, वीस वर्षांची झाली तरी नाही.”

घरी येऊन रोशननं सोनालीला सगळं सांगितलं. ऐकताना आधी तिचा चेहरा खुलला. बाहेर दुसरी कुणी नाही एवढंच तिला पहिल्या झटक्यात समजलं. बाकीचं समजत गेलं तशी ती खाली बसली.

“दोन वर्षं मी रांधून राहिली,” ती म्हणाली, “अन् तुमी ते ड्युटी समजून खाल्लं.”

“हो.”

“मी सामोर बसते, बोलते, त्याचंही तुमाले काही वाटत नाही?”

यावर खोटं बोलणं शक्य होतं. पण खोटं बोलायलाही थोडी इच्छा लागते. सोनाली काय ते समजली. ती उठून मोरीत गेली, बराच वेळ नळ सोडून उभी राहिली, आणि परत आल्यावर एवढंच म्हणाली, “मयूरीले फोन करा.”

त्यानं तीनदा फोन केला. पहिल्यांदा मयूरी पाळण्याला बांधायच्या फुलांबद्दल बोलत होती, दुसऱ्यांदा रेवाच्या झबल्याबद्दल. तिसऱ्यांदा तिनं विचारलं, “दादा, तुले काही सांगाचं हाय का?” तो म्हणाला, “नाही, रविवारी येतोच.”

रविवारी सकाळी दहाला ती दोघं वणीला पोचली. मयूरीचा नवरा नितेश कोळशाच्या खाणीत पहिल्या पाळीवर होता, दुपारी यायचा होता. घरात मयूरी, तिच्या सासूबाई आणि सतरंजीवर बसलेली रेवा. गोरटेली, हसरी, मनगटं जरा बारीकच. स्वयंपाकघरात खीर शिजत होती. रोशननं चांदीची वाटी ओट्यावर ठेवली आणि मयूरीला सांगून टाकलं. तिखटमीठ न लावता, काही न वगळता, पाळीचा अहवाल द्यावा तसं.

मयूरीच्या हातातली पळी तशीच राहिली. “तू चमचा तोंडात घातला होता?”

“चाखलं होतं.”

“अन् मंग तोच चमचा—”

“तोच.”

तिनं गॅस बंद केला. रोशन वाट बघत होता, ती ओरडेल, मारेल, घराबाहेर काढेल. तसं काही तिनं केलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “सात वाजता पाजलं होतं. आता मी पाजतच नाही. पाहू कधी रडते तं.”

“येडी झाली का?” सासूबाई आतून आल्या. “सनाच्या दिवशी लेकराले उपाशी ठेवतेस?”

“उपाशी हाय का नाही तेच पाहाचं हाय, आई.”

अकराला शेजारच्या बायका आल्या. मुहूर्त पुढे गेलाय असं सोनालीनं त्यांना सांगितलं आणि हळदीकुंकू लावून परत पाठवलं. रेवा सतरंजीवर पालथी पडली, उताणी झाली, पुन्हा पालथी पडली. खुळखुळा तोंडात घातला, फेकला. साडेअकराला सासूबाई म्हणाल्या, आता रडेल. बाराला म्हणाल्या, झोप आली असेल. रेवा अर्धा तास झोपून उठली आणि उठल्या उठल्या सगळ्यांकडे बघून हसली. त्या हसण्याचं इतके दिवस मयूरीला केवढं कौतुक होतं.

एक वाजता रोशनच्या खिशातला गजर वाजला. त्यानं तो बंद केला. घरात कुणीच जेवलं नव्हतं. सोनालीच्या पोटात कावळे ओरडत होते, सासूबाई आणि मयूरी भूक मारायला सारखं पाणी पीत होत्या. ज्यांना भूक होती ते सगळे सतरंजीभोवती बसून, जिला भूक नव्हती तिच्या रडण्याची वाट बघत होते. आपल्याला अपराधी वाटायला हवं हे रोशनला स्पष्ट कळत होतं. कामावर जायचं आहे हे जसं कळतं तसं. त्यापलीकडे आत काही हलत नव्हतं, आणि हे मयूरीला कळू नये म्हणून तो मान खाली घालून बसला.

दोन वाजता मयूरीच्या ब्लाउजवर दुधाचे ओले डाग पसरले. तिला दुखत असणार. ओठ घट्ट मिटून ती बसली होती. सात तास झाले होते. तिनं रेवाला उचलून समोर धरलं.

“रड ना गं,” ती म्हणाली. “एकडाव रड. माय, तुले भूक नाही लागली का? पाह्य किती दूध हाय. रड ना.”

आई खेळतेय असं रेवाला वाटलं. ती खिदळली आणि तिनं मयूरीचं नाक धरलं.

मयूरीनं तिला पदराखाली घेतलं. रेवा प्यायली. नीट, सावकाश, पोटभर प्यायली. दिलं तेवढं प्यायली आणि मग तोंड बाजूला करून पुन्हा खुळखुळ्याकडे बघायला लागली. आठ दिवसांनी येणाऱ्या निकालाची आता घरात कुणालाच गरज राहिली नव्हती. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या आणि पदराचा बोळा तोंडात धरून रडायला लागल्या.

मयूरी उठली. ओट्यावरची चांदीची वाटी तिनं धुतली, गार झालेली खीर तिच्यात वाढली आणि वाटी आणून रोशनच्या हातात दिली.

“भरव.”

“मी कसा भरवू? डॉक्टरीणबाईनं सांगतलं—”

“आता तुह्यापासून तिले काय होनार हाय? व्हायचं ते होऊन गेलं. मी भरवीन, आई भरवतीन, पन आमाले भूक लागते दादा. भूक नसली तं घास कसा खायाचा, काहून खायाचा, ते आमाले काय माहीत? ते तुलेच माहीत हाय. तू दोन वर्षं जेवला ना तसा? तं शिकव तिले. दर रविवारी ये अन् शिकव. मी गेल्यावरही तिनं जेवलं पाहिजे.”

रोशन सतरंजीवर मांडी घालून बसला. रेवाला सोनालीनं त्याच्यासमोर उशीला टेकवून बसवलं. त्यानं चमचाभर खीर घेतली आणि आधी स्वतःच्या तोंडात घातली. तोंड मोठं उघडलं, मिटलं, सावकाश हलवलं, गिळलं, आणि पुन्हा उघडून रिकामं झालेलं दाखवलं. रेवा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. त्यानं दुसरा चमचा तिच्या ओठांपाशी नेला आणि स्वतःचा आ वासला. तिनंही वासला. थोडी खीर हनुवटीवर आली, बाकीची आत राहिली, आणि ती गिळायची असते हे कळायला तिला जरा वेळ लागला.

“असं,” रोशन म्हणाला. “आता माहा. आता तुहा.”

दारात नितेश खाणीचे काळे हात घेऊन उभा होता आणि काय झालंय ते त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं. सोनाली रडत होती, सासूबाई रडत होत्या, मयूरी तर जमिनीवर बसून धाय मोकलून रडत होती. रोशन आणि रेवा समोरासमोर बसून खीर खात होते, आणि एकेक घास गिळून झाला की एकमेकांकडे बघत होते.